पोरांचे दुप्पट, आजोबांचे शून्य: सूर्यनमस्कार मोजणाऱ्या ॲपचं प्रकरण

मागणी एका ओळीची होती. सातारा जिल्ह्यातल्या एका व्यायामशाळेला रथसप्तमीच्या आधी असं ॲप हवं होतं की फोन अंगाला बांधायचा, सूर्यनमस्कार घालायचे आणि किती झाले ते फोननेच मोजायचं, बस्स. व्यायामशाळा चालवतात ते अण्णा (गावात लहानथोर सगळे अण्णाच म्हणतात, म्हणून इथेही तेच) फोनवर म्हणाले, "अरे, चालताना पावलं मोजतोय ना मोबाईल? मग नमस्कार मोजायला काय झालं त्याला?"

प्रश्न एकदम रास्त आहे. पावलं मोजणं फोनला सोपं जातं कारण चालणं म्हणजे एकच एक ठोका परत परत, आणि ते काम करायला बऱ्याच फोनमध्ये वेगळा कमी वीज खाणारा सेन्सरच असतो, आपण नुसता आकडा मागायचा. नमस्काराचं तसं नाही. एका नमस्कारात माणूस उभा राहतो, मागे वाकतो, पार खाली डोकं नेतो, पाय मागे टाकतो, आडवा होतो, छाती उचलतो, परत डोंगर करतो आणि मग उलट्या वाटेने उभा राहतो, आणि हे कुणी पाच सेकंदात उरकतो तर कुणी श्वास मोजत अर्धा मिनिट घेतो. असलं काही मोजणारा तयार सेन्सर नाही, आपणच बनवायचं.

कोडच्या आधी एक वेगळंच भांडण झालं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. एक नमस्कार म्हणजे किती? कुठे दहा स्थिती शिकवतात, कुठे बारा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले, त्यांचं संस्थान याच जिल्ह्यातलं, त्यामुळे इथल्या जुन्या माणसांची यावर ठाम मतं आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय काही जण डावा पाय मागे टाकून एक आणि उजवा टाकून एक, असे दोन मिळून एक धरतात. हे ॲपला कसं कळणार, हे ठरवायचं माणसांनी. शेवटी अण्णांनीच निकाल दिला: बारा स्थिती, आणि प्रत्येक पायाचा नमस्कार वेगळा मोजायचा. मी ते लेखी घेतलं. लेखी म्हणजे व्हॉट्सॲपवर, पण घेतलं.

फोनला नक्की काय कळतं

यासाठी वापरायचा तो फोनमधला ॲक्सेलरोमीटर. त्यात सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो, एसटीने ब्रेक मारल्यावर उभे प्रवासी जसे पुढे झुकतात तसा तो थोडासा सरकतो, आणि ते सरकणं विजेच्या रूपात मोजलं जातं. गंमत अशी की फोन टेबलावर गप पडलेला असला तरी आकडा शून्य येत नाही. स्क्रीन वर करून ठेवला तर झेड अक्षावर, म्हणजे स्क्रीनच्या आरपार जाणाऱ्या दिशेत, साधारण ९.८ येतं, कारण टेबल त्याला खालून रेटतंय. शून्य कधी येतं? तो हातातून सुटून खाली पडत असताना. म्हणजे गतीचा सेन्सर म्हणतो आपण त्याला, पण शांत बसलेल्या फोनमध्ये तो मुख्यतः एकच गोष्ट सांगतो, जमीन कुठल्या बाजूला आहे.

आणि आपल्याला हेच हवंय! माणूस किती जोरात हलला याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, त्याची पाठ जमिनीच्या हिशोबात कुठे झुकलीय ते कळलं की झालं. मग पद्धत अशी ठेवली. फोन बांधून माणसाने ताठ उभं राहायचं, दोन सेकंद हलायचं नाही, तेव्हाची गुरुत्वाची दिशा लक्षात ठेवायची. त्यानंतर प्रत्येक क्षणी आत्ताची दिशा आणि ती लक्षात ठेवलेली दिशा यांच्यातला कोन काढायचा. ताठ असताना शून्य, आडवं झाल्यावर नव्वदच्या आसपास, डोकं खाली गेलं की शंभर-दीडशे. याचा मोठा फायदा म्हणजे फोन पट्ट्यात उभा घातलाय, आडवा घातलाय की उलटा, काही फरक पडत नाही.

आयफोनचाही प्रश्न याच फटक्यात सुटला. ॲन्ड्रॉइड मीटर प्रति सेकंद वर्गात आकडे देतो, आयफोन जी मध्ये, म्हणजे गुरुत्वाच्या पटीत देतो, आणि चिन्हसुद्धा उलटं, म्हणजे टेबलावर पालथा नसलेला आयफोन झेडवर उणे एक दाखवतो. पण दोन दिशांमधला कोनच काढायचा असेल तर दोन्ही दिशा उलट्या झाल्या तरी कोन तोच राहतो. तरी आयफोनवाली माणसं तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, म्हणून पहिली आवृत्ती फक्त ॲन्ड्रॉइड.

अण्णांचा भाचा हैदराबादला आयटीत आहे, त्याचं म्हणणं पडलं की हे असलं हाताने कशाला लिहिता, एआय लावा, शंभर लोकांचा डेटा गोळा करा, मॉडेल ट्रेन करा. तो चुकीचं बोलत नव्हता. पण शंभर लोक आणायचे कुठून, आणि त्याहून महत्त्वाचं, रथसप्तमीच्या दिवशी कुणी येऊन म्हणालं "माझे दोन कमी का मोजले" तर मॉडेल काय उत्तर देणार? नियमांवर चालणारा हिशोब असला की ग्राफ उघडून दाखवता येतं, हे बघा काका, इथे तुम्ही पुरते वाकलाच नाहीत. व्यायामशाळेत हे फार लागतं.

बांधायचा कुठे

हा या प्रकरणाचा खरा गाभा, बाकी सगळं याच्यापुढे किरकोळ.

खिशात ठेवू म्हटलं तर मांडीचा झुकाव कळतो, पण हस्तपादासनात, म्हणजे उभ्याने वाकून हात पायाशी टेकवताना, मांडी उभीच असते की! अर्धा नमस्कार फोनला दिसतच नाही. शिवाय ट्रॅकपँटच्या खिशात फोन लोळतो. दंडाला किंवा मनगटाला बांधला तर हात सगळीकडे फिरतो, आकड्यांतून अर्थ काढणं अवघड. छातीवर बांधला तर साष्टांगाला छाती टेकते, म्हणजे फोन फरशीवर. राहिली पाठ. अण्णांच्या ओळखीच्या टेलरने रुंद इलॅस्टिकच्या पट्ट्याला घट्ट खिसा शिवून दिला, शाळेच्या दप्तरासारखे दोन बंद खांद्यावरून, आणि फोन बरोबर दोन खवाट्यांच्या मध्ये.

इथे कोन सुंदर यायला लागले. अंगाने लवचिक मुलगा घेतला तर उभं असताना शून्य, मागे वाकताना वीस-पंचवीस, हस्तपादासनात दीडशेपर्यंत, पाय मागे टाकल्यावर परत चाळीसच्या आसपास, दंडाच्या स्थितीत, म्हणजे हातापायांवर अंग सरळ तोलून, पंचाहत्तर, पर्वतासनात एकशे तीस-पस्तीस, मग पाय पुढे, परत दीडशे, आणि उभा. ग्राफवर डोंगर-दऱ्या स्पष्ट. नियम असा लिहिला की उभ्यापासून उभ्यापर्यंत दोन तरी खोल डुबक्या झाल्या आणि मध्ये पुरेसा वेळ गेला तर एक नमस्कार धरायचा.

आणि मग निकाल आला पोरांचे दुप्पट आणि आजोबांचे शून्य.

पोरांचं काय होत होतं ते बघा. साष्टांगात छाती जमिनीला आणि कंबर वर, म्हणजे पाठीचा वरचा भाग थोडा डोक्याकडे उतरता, कोन शंभरच्या वर जातो, मल्लखांब करणाऱ्या पोरांचा तर त्याहून जास्त. झाली एक डुबकी, हस्तपादासनाची धरून दोन. पुढच्याच क्षणी भुजंगासन, आणि ही पोरं छाती इतकी उचलतात की पाठीचा वरचा भाग जवळपास उभा होतो. फोनला वाटतं, गडी उभा राहिला, एक झाला! मग पर्वतासन आणि परत हस्तपादासन, पुन्हा दोन डुबक्या, पुन्हा उभा, दुसरा झाला. पोरं खूष, अण्णा नाखूष.

आणि सकाळच्या बॅचला येणारे साठी-सत्तरीचे आजोबा, त्यांची पाठ ताठ झालेली, हस्तपादासनात हात गुडघ्याच्या जरा खाली पोचतात एवढंच. कोन नव्वद-पंचाण्णवला अडकतो. मी ठरवलेली एकशे वीसची रेघ ते जन्मात ओलांडणार नाहीत. वीस मिनिटं घाम गाळून स्क्रीनवर भोपळा. एक आजोबा म्हणाले, "मोबाईलला आमचा नमस्कार पोचत नाही बहुतेक," आणि हसले, पण मला ते लागलं.

म्हणून मग पट्टा खाली नेला, कंबरेवर, माकडहाडाच्या वरच्या बाजूला. आता भुजंगासनाचा प्रश्न मिटला, कारण छाती कितीही उचलली तरी कंबर जमिनीजवळच राहते. पण आजोबांचं आणखी बिघडलं. ज्यांच्या मांडीमागच्या शिरा आखडलेल्या असतात ते वाकताना पाठीतून वाकतात, कंबर फारशी फिरतच नाही, त्यामुळे कंबरेवरचा फोन साठ-सत्तरच दाखवतो. म्हणजे फोन वर बांधला की पोरं फसवतात (मुद्दाम नाही), खाली बांधला की म्हातारी माणसं गायब होतात.

मध्ये एक डोकं लढवलं होतं, बॅरोमीटर. उभं असताना पाठ जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंच, भुजंगासनात अर्ध्या मीटरच्या आतबाहेर, म्हणजे जवळपास मीटरभर फरक, आणि मीटरभर उंचीला हवेचा दाब साधारण ०.१२ हेक्टोपास्कल बदलतो. चांगल्या सेन्सरला हे कळू शकतं. पण दार उघडलं, पंखा लावला, घट्ट पट्ट्यात फोन दाबला गेला की तेवढा फरक तसाही दिसतो, आणि स्वस्त फोनमध्ये बॅरोमीटर असतच नाही. सोडून दिलं.

तोडगा निघाला तो दोन भागांत. पट्टा मधोमध आणला, पाठीवर जिथे शेवटच्या बरगड्या संपतात तिथे. इथे पोरांचं भुजंगासन पन्नास-साठला थांबतं, म्हणजे उभ्यापासून वेगळं ओळखू येतं, आणि आजोबांचं वाकणंही बऱ्यापैकी दिसतं. दुसरा भाग म्हणजे सगळ्यांना एकच रेघ ठेवणं बंद. आता ॲप सुरुवातीला एक नमस्कार मापाचा घ्यायला लावतं, तो मोजत नाही. आवाज सांगतो, ताठ उभे राहा, थांबा, आता वाका, जेवढं जमेल तेवढंच, थांबा, आता दंड, आता छाती उचला. या चार जागांचे त्या माणसाचे कोन साठवायचे. "उभा" म्हणायचं ते त्याचं उभं असणं आणि त्याचं भुजंगासन यांच्या मधल्या रेघेच्या अलीकडे आला तरच. "वाकला" म्हणायचं ते त्याच्या दंडाच्या आणि वाकण्याच्या मधली रेघ ओलांडली तर. आणि क्रमही तपासायचा: वाकणं, मग आडवं, मग परत डोकं खाली, मग उभं. नुसतं चारदा वाकून पायाला हात लावला तर एकही नाही.

तरी काही जण उरलेच. ज्यांच्या वाकण्याच्या आणि दंडाच्या कोनात वीस अंशाचाही फरक पडत नाही, त्यांच्यासाठी ॲप मापाच्या वेळीच सरळ सांगतं की तुमचे नमस्कार आपोआप मोजता येणार नाहीत, आणि स्क्रीनभर एक मोठं बटण देतं, फोन समोर ठेवा आणि प्रत्येक नमस्कारानंतर हात लावा. खुर्चीवर बसून करणाऱ्यांनाही तेच. मला स्वतःला हे जास्त प्रामाणिक वाटतं, चुकीचा आकडा दाखवण्यापेक्षा "मला दिसत नाही" म्हटलेलं बरं.

फिल्टरची भानगड

आता थोडं कोडकडे, ज्यांना नको त्यांनी हा भाग उडवला तरी चालेल.

ॲक्सेलरोमीटरच्या आकड्यात गुरुत्व आणि हालचाल दोन्ही मिसळलेलं असतं. त्यातून गुरुत्व वेगळं काढायला लो-पास फिल्टर लावतात, म्हणजे जुन्या आकड्याला जास्त वजन, नव्याला कमी. ॲन्ड्रॉइडच्या डॉक्युमेंटेशनमधल्या उदाहरणात हे वजन, अल्फा, ०.८ दिलंय आणि जो तो तेच उचलतो. पण ०.८ चा अर्थ सॅम्पल, म्हणजे सेन्सरचा एकेक आकडा, किती वेळाने येतोय त्यावर ठरतो. दर २० मिलिसेकंदाला आला तर फिल्टर साधारण ८० मिलिसेकंदांची सरासरी धरतो, ५ ला आला तर फक्त २० ची, आणि नॉर्मल मोडमध्ये २०० ला आला तर चांगली ८०० ची. एकच कोड, तीन फोन, तीन वेगळी वागणूक. त्यात आपण सिस्टीमला जो वेग सांगतो ती नुसती विनंती असते, काही फोन त्याहून भराभर पाठवतात. म्हणून अल्फा कायमचा ठेवायचाच नाही, सरासरी पाव सेकंदाची असं ठरवायचं आणि प्रत्येक सॅम्पलच्या टाइमस्टॅम्पमधल्या (सॅम्पलवरच्या वेळेच्या शिक्क्यातल्या) फरकावरून दरवेळी अल्फा काढायचा. २० मिलिसेकंदाला तो ०.९३ च्या आसपास येतो. टाइमस्टॅम्प नॅनोसेकंदात असतो, आणि घड्याळाची वेळ म्हणून तो वापरायचा नाही, दोघांमधला फरक तेवढा वापरायचा.

पाव सेकंदही सगळ्यांना पुरत नाही. दोन्ही पाय एकदम उडी मारून मागे टाकणारी पोरं आहेत, त्यांचा पाय आपटला की आकडा भसकन वर जातो, आणि पर्वतासनात ती जेमतेम अर्धा सेकंद थांबतात, तेवढ्यात फिल्टर पोचेपर्यंत ती खाली, ग्राफचं टोक कापलं जातं. यांच्यासाठी जायरोस्कोप हवा, तो फिरण्याचा वेग लगेच सांगतो, हळूहळू भरकटतो पण दोन-तीन सेकंदांत नाही. सिस्टीमचा ग्रॅव्हिटी सेन्सर किंवा गेम रोटेशन व्हेक्टर घेतला की दोघांचं मिश्रण तयार मिळतं. गेम वाला मुद्दाम घेतला, कारण तो होकायंत्राचा सेन्सर वापरत नाही, आणि लोखंडी डंबेल नि स्पीकरच्या मध्ये होकायंत्र वेडंवाकडं बोलतं. पण जायरो सगळ्या फोनमध्ये नसतो, गावात तर बऱ्याच जणांकडे साधेच फोन, तेव्हा ॲप आधी विचारतं आहे का, असेल तर तो, नसेल तर आपला पाव सेकंदाचा फिल्टर आणि वर एक सूचना, जरा सावकाश घाला. अण्णांना ही सूचना फारच आवडली.

एक खड्डा नव्याने हे करणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. सेन्सरकडून जो इव्हेंट येतो तो आपल्या मालकीचा नसतो, सिस्टीम तोच डबा परत परत वापरू शकते. तो तसाच यादीत टाकत गेलात तर नंतर बघाल तेव्हा ओळीच्या ओळी सारख्याच निघतील. आतले तीन आकडे कॉपी करून घ्यायचे आणि डबा परत द्यायचा.

आणि कंपनाचं. प्रत्येक नमस्काराला फोन थरथरला तर छान, पाठीवर कळेल, असं सगळ्यांचं मत होतं. पण फोन थरथरतो तेव्हा ॲक्सेलरोमीटरही त्याच फोनमध्ये बसलेला असतो ना! प्रत्येक मोजणीनंतर ग्राफवर झाडू फिरवल्यासारखा कचरा. फिल्टर तो बराचसा खातो, तरी मी कंपन काढूनच टाकलं आणि आवाज ठेवला, त्यातून एक चांगलं झालं. प्रत्येक नमस्काराच्या आधी फोन मंत्र म्हणतो, ॐ मित्राय नमः पासून भास्करायपर्यंत बारा, आणि तेरावा श्रीसवितृसूर्यनारायणाय. मशीनचा आवाज लावून बघितला, हिरण्यगर्भायची त्याने जी वाट लावली ती ऐकून अण्णा स्वतःच पंखे बंद करून रेकॉर्डिंगला बसले.

टेस्टिंगला एम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकली फोनमध्ये, फोन वाकडातिकडा करून बघता येतो, पण त्यात माणूस नसतो, त्याचा धाप लागलेला श्वास नसतो, सुटलेला पट्टा नसतो. म्हणून एकीकडे सेन्सरचे आकडे फाइलमध्ये आणि दुसरीकडे त्याच माणसाचा व्हिडिओ. दोघांची वेळ जुळवायची युक्ती अशी की सुरुवातीला मागच्या माणसाने पाठीवरच्या फोनवर तीन थापा मारायच्या, व्हिडिओत हात दिसतो आणि ग्राफवर तीन सुळके. मग त्या फाइली कोडला परत परत भरवायच्या, नियम बदलला की सगळ्या जुन्या लोकांचे नमस्कार कॉम्प्युटरवरच पुन्हा घालून बघता येतात, कुणाला दमवायला नको.

स्क्रीन बंद झाली की

पट्ट्यात फोन घातला की स्क्रीन बंद होते आणि खरा त्रास इथून सुरू. ॲन्ड्रॉइड ९ पासून मागे पडलेल्या ॲपला ॲक्सेलरोमीटर, जायरो यांचे आकडे मिळत नाहीत. म्हणून फोरग्राउंड सर्व्हिस, म्हणजे वर नोटिफिकेशनमध्ये "मोजणी चालू आहे" असं दिसत राहतं. ॲन्ड्रॉइड १४ पासून ही सर्व्हिस कुठल्या प्रकारची तेही जाहीर करावं लागतं, आपली आरोग्याची, आणि त्यासाठी एखादी संबंधित परवानगीही जोडावी लागते. प्रोसेसर झोपू नये म्हणून वेकलॉक, नाहीतर सेन्सरचे आकडे छोट्या बफरमध्ये साठतात आणि बफर भरला की जुने पुसले जातात.

हे सगळं नीट करूनही काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली ॲप मारूनच टाकतात. त्यावर कोडमध्ये पक्का इलाज नाही. सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीचं बंधन काढायचं, आणि ते प्रत्येक फोनमध्ये वेगळ्या कोपऱ्यात लपवलेलं. शेवटी मराठीत फोटोसकट एक पान केलं आणि ते व्यायामशाळेच्या ग्रुपवर फिरतंय, ॲपपेक्षा त्याच पानाला जास्त मागणी आहे असं कधी कधी वाटतं.

परवानग्यांवरून एक जरा बाजूचं. ॲन्ड्रॉइडवर ॲक्सेलरोमीटर वाचायला वापरणाऱ्याची परवानगी विचारावी लागत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं त्यात लपवण्यासारखं काय आहे. पण २०१४ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं होतं की फोनच्या जायरोस्कोपवरून आजूबाजूच्या बोलण्याचाही काही प्रमाणात अंदाज घेता येतो, कारण आवाजाने तोही बारीक हलतो. ॲन्ड्रॉइड १२ पासून सेन्सरचा वेग सेकंदाला २०० सॅम्पलवर अडवलाय, जास्त हवे तर ॲपमध्ये वेगळं जाहीर करावं लागतं, आणि वापरणाऱ्याने माइक बंद केला असेल तर ते केलं तरी मिळत नाहीत. आपल्याला ५० पुरतात, नमस्काराला त्याहून जास्त लागतच नाहीत, तेव्हा जास्त मागायचे कशाला. आणि हे आकडे फोनबाहेर पाठवायचेच नाहीत असं आधीच ठरलं होतं, सर्व्हरवर जातो तो फक्त एकूण आकडा.

चोरी

पोरांना क्रमवारी दिली की चोरी आली. एकाने शोधून काढलं की पट्टा हातात धरून ठराविक पद्धतीने उलटा-सुलटा फिरवला की नमस्कार वाढतात, आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांना माहीत. मी उपाय काढत बसलो असतो, प्रॉक्सिमिटी सेन्सर झाकलेला आहे का बघ, हालचालीत श्वासाची लय आहे का बघ, वगैरे. पण ती कधी न संपणारी शर्यत आहे आणि समोर बारा वर्षांची पोरं, त्यांच्याकडे वेळच वेळ. अण्णा म्हणाले, "तू नको डोकं लावू. ज्याने खरे घातलेत त्याच्या पोटऱ्या उद्या दुखणार, मला चालण्यावरून कळतं." मग वैयक्तिक क्रमवारी काढून टाकली, फक्त सगळ्या बॅचचा मिळून एकच आकडा भिंतीवरच्या टीव्हीवर. फिरवाफिरवी आपोआप थंडावली, कारण आता त्यात कुणाचं नाव वर जात नव्हतं.

रथसप्तमीला सकाळी पट्टे कमी पडले, ते पाळीपाळीने वापरले, आणि माणूस बदलला की मापाचा नमस्कार परत घ्यावा लागतो हे गडबडीत कुणी कुणी विसरलं, तेवढ्यांचे आकडे फिसकटले. पुढच्या आवृत्तीत पट्टा काढल्याचं ॲपला स्वतःलाच कळावं असं केलंय. काढून खाली ठेवलेला फोन इतका निश्चल असतो तसा अंगावरचा कधीच नसतो, उभ्या माणसाचा श्वाससुद्धा आकड्यांत दिसतो, त्यामुळे हे ओळखणं सोपं गेलं. काही सेकंद पूर्ण शांतता मिळाली की माप रद्द आणि नव्याने सुरुवात.

आता अण्णांना जोर-बैठका हव्यात. जोर याच पट्ट्यात मोजता येतील, पर्वतासन ते भुजंगासन अशी पाठीची मोठी फेरी असते, तिथे रेघ आखणं नमस्कारापेक्षा सोपं. बैठकांना मात्र पाठ जवळपास उभीच राहते, पट्ट्यातल्या फोनला काहीच दिसणार नाही. तिथे मांडी हवी, उभी ते आडवी, एकदम स्वच्छ कोन, खिशातला फोनसुद्धा चालेल असं मी म्हणालो. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लंगोटाला खिसा कुठला रे?" म्हणजे परत टेलरकडे.